मँडरिन

दर रविवारी सकाळी मी समुद्र कालवतो.
गच्चीवर, निळ्या ड्रमात,
लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ.
भिंगाच्या काचेवर एक थेंब घेऊन उजेडाकडे धरतो,
खाली नंदनवनात दूधवाला घंटी वाजवत असतो.
इथून कुठल्याही किनाऱ्याला निघा,
एक रात्र तरी गाडीत झोपावंच लागतं.

बोकडेनं दुकानात पिशवी उंच धरली होती.
निळ्यावर नारिंगी नागमोडी,
कुण्या पोरानं खडू संपेस्तोवर गिरवल्यासारखी.
"मँडरिन," तो म्हणाला.
मी म्हटलं, बाहेरदेशी संत्र्याला म्हणतात तसं.
"मंग? आपल्याच गावचा समजा,"
आणि तीनशे रुपये कमी केले.

फारसा पोहत नाही हा.
पोटाखालच्या परांवर टेकत टेकत
दगडांवरून चालतो,
लग्नात उशिरा पोचलेल्या मामासारखा
कुणाला धक्का न लावता जागा शोधत.

"मासोळीले सव्वीस डिगरी,
अन् मायले कूलर!"
वाळ्यावर पाणी मारताना आई भिंतीला सांगते.

दाणे टाकले, पाहिले नाहीत.
गोठवलेली कोळंबी तोंडासमोरून गेली,
जाऊ दिली.
त्याला दगडावरचे जिवंत किडेच लागतात,
आपल्याला धड दिसतही नाहीत असले,
एकेक टिपून.
बोकडेनं हे सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.
पोट आत जात गेलं तेव्हा वाचत बसलो.
आता लोणच्याच्या दोन बरण्यांत किडे वाढतात,
वृषालीनं वर चिठ्ठी डकवली आहे:
हे लोणचं नाही.

मे महिन्यात एका रात्री दीडला लाइट गेली.
इन्व्हर्टरवर एकच काही चालणार होतं,
आईचा पंखा, नाहीतर पंप.
मी बटणापाशी उभा.
"लाव बापा त्याचं.
माह्या डोयात झोप कोठं हाय,"
म्हणून ती चटई घेऊन गच्चीवर गेली.
ओगराळ्यानं मी पाणी ढवळत राहिलो तरीही,
उगाच.
टॉर्च मारला तर कपारीत तो फिकट, राखी,
रात्री रंग उतरतो त्याचा
हे आठ महिन्यांत मला माहीत नव्हतं.

सकाळी आई म्हणाली, डास लय होते.

पोट अजून जरासं खोलगटच आहे.
आणि जुनं पाणी कुठं ओतायचं हे कोडं
दर रविवारी उरतंच.
झाडांना चालत नाही, कढीपत्ता एकदा मेला.
नालीत ओततो.
नाली नाग नदीत, नाग कन्हानला,
कन्हान वैनगंगेला, मग पुढं गोदावरी,
आणि कधीतरी, वीस लिटर वजा गळती,
माझा समुद्र समुद्राला लागतो.

हा तेवढा मागे राहतो.
काचेपाशी येऊन थांबतो,
मी बादली घेऊन जाताना.