मोहरीएवढं

ठोकळा ओला केल्याशिवाय बोलत नाही.
मी अंगठा जिभेला लावते, एका अंगावरून फिरवते.
रेषा वर येतात, उभ्या, बारीक,
नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या,
आणि आडव्या कापावर नुसते ठिपके,
पाखरांचे डोळे.

हे मूळ कालाब्रियाचं.
नुन्झियोनं डोंगरउतारावरून खणून काढलं,
दिवसभर तांब्याच्या हंड्यात उकळलं,
पेन्सिलीनं तारीख घातली.
मी तेव्हा एकवीस वर्षांची.
मग ते आमच्या माळ्यावर वाळत राहिलं
लिमफ्योर्डच्या खाऱ्या वाऱ्यात,
आई होती तेव्हापासून.

साचा नाही. आराखडा नाही.
कारखान्यात आधी भोक पाडतात,
मग लाकडाला म्हणतात, बस याच्याभोवती.
आमच्याकडे आधी आकार, भोक शेवटी.
बाबा म्हणायचे, पाहुणा आला की
पाणी द्यावं, नाव मग विचारावं.

बाबा आता खिडकीशी बसतात.
हात मांडीवर, एकावर एक.
वरचा खालच्याला धरून ठेवतो
आणि दोन्ही थरथरतात.
चार वर्षांपूर्वी एका दुपारी
त्यांनी चकतीवर तीन ठोकळे वाया घालवले,
यंत्र बंद केलं, ॲप्रन काढला,
खुंटीला न लावता माझ्या हातात दिला.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

माझ्याकडे ते पाहत नाहीत.
शिंपले काढणाऱ्या होड्यांकडे पाहतात.
ऐकतात मात्र.
चकतीला लाकूड टेकलं की घुर्र होतं,
नस उभी लागली की सूर जरासा चढतो
म्हणे. मला तो फरक कळत नाही.

पोट गोल होत गेलं.
मान कुठे वळणार, दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.
रेषा झुकल्या तिकडे मीही झुकले.
वरची कड राखली खडबडीत,
मातीत होती तशी.
पाइप विलाड्ससाठी, तीस वर्षं फेरीबोट चालवली त्यानं.
‘तळहातात मावेल असा कर,’ म्हणाला होता,
‘बाकी तुझं तू बघ, सिग्ने.’

‘थांब.’

थांबवलं. गुळगुळीत, गव्हाळ लाकूड.
‘काही नाहीये, बाबा.’
‘अजून दोनदा टेकव.’

एकदा.
दुसऱ्यांदा टेकवलं
आणि मोहरीएवढा काळा ठिपका उघडा पडला.
सुईनं टोकरला. आत खडा.
कुठल्यातरी उतारावर मुळाच्या वाटेत आला,
मुळानं गिळला
आणि वाढत राहिलं.

बुजवता येतो. लाखेत भुसा कालवायचा,
वर रंग, वर मेण.
विलाड्सला आता बंदराचा दिवासुद्धा दिसत नाही,
त्याला काय कळणार.
मी लाखेच्या डबीकडे पाहिलं.
बाबांनी ते पाहणंही ऐकलं असावं,
कारण ते खाकरले.

मग मी त्या खड्याच्या मागे लागले.
अर्धा मिलिमीटर. आणखी अर्धा.
खडा गेला, त्याच्याखाली दुसरा.
पोट सपाट झालं, मान काडीएवढी,
तळहातातून बोटांत, बोटांतून चिमटीत
आकार उतरत गेला.
पाच वाजता उरली होती एक वस्तू,
नस अशी की बघत राहावं,
आणि तंबाखूला जागा नाही.

‘सतरा वर्षं,’ मी मोठ्यानं हिशेब केला.
‘आणि उकळायचा एक दिवस,’ बाबा म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी दिली.
थरथर थांबली, असं लिहायला मला आवडलं असतं.
थांबली नाही.
अंगठा रेषांवरून फिरत राहिला
बारीक कानशीसारखा,
जणू अजून थोडं घासायचं राहिलंय.

मी माळ्यावर गेले.
त्याच हंड्यातला, त्याच तारखेचा दुसरा ठोकळा काढला.
उतरताना जिन्यातच उभी राहिले,
कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवला.
काही कळलं नाही.
पुन्हा वाजवला.