फेरफार

सर्व्हे नंबर एकशे चार, घणसोलीचं खाजण.
पहिलं नाव मोडीत, त्यावर शाईचा डाग.
मग नसरवानजी दुबाश, बांध त्यांनी घातला म्हणतात
(घातला हाशी मढवीच्या सासूने आणि चार जावांनी,
भरतीच्या आधी, चिखलाचे गोळे हातोहात देत).
मग खोत. खोताचा जावई.
जावयाचं कर्ज, म्हणून एक पेढी.
राता भात तोच,
मालकाचं नाव न विचारता पोटरीत येणारा.

हाशी 'इतर हक्कां'त आहे. कुळ. एक ओळ,
तीही चुकून 'काशी' लिहिलेली.
उधाणाच्या रात्री खेकड्याने बांध पोखरला
की उठायचं तिने. मालक ठाण्यात झोपलेले.
उघाडीशी बोट बुडवून जिभेला लावायची:
खारं की गोडं,
एवढाच तिचा दस्त.

मग आडवी रेघ. संपादन.
त्याखाली कोरं.

बत्तीस मजल्यांच्या तळघरात
तिचा नातू हरेश पंप बघतो.
काल अवसेला पाणी टायरांपर्यंत आलं.
सेक्रेटरी म्हणाले, टाकी फुटली असेल, प्लंबरला बोलव.
हरेश वाकला,
बोट बुडवलं, जिभेला लावलं,
आणि थुंकला नाही.