हातचा

डार्लस्टनला पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं.
कालव्याकाठच्या शेडमध्ये, तारेच्या टोपल्यांच्या ढिगामागे,
आमचं स्पॉट वेल्डिंगचं मशीन बंद उभं होतं,
पिवळ्या फितीत गुंडाळलेलं.
मानेवर कंपनीची पाटी, पाटीखाली बारीक अक्षरात
मी लिहिलेलं वाक्य:
दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबावीत.

वाक्य बरोबर आहे. अजूनही.
दोन्ही हात बटणांवर असले
तर तांब्याच्या टोकांमध्ये तिसरा हात येणार कुठून?
असं मी तेव्हा मीटिंगमध्ये म्हणालो होतो,
आणि लोक हसले होते.

नोरीन टॉन्क्सनं डाव्या बटणाच्या फटीत
कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा खोचला होता.
अकरा महिने तोच तिचा डावा हात होता
आणि डावा हात मोकळा,
तार सरळ धरायला.
मग एका मंगळवारी तार सरकली.

विम्याच्या कागदावर माझ्या सहीपुरती जागा,
वर छापलेले दोनच शब्द: चालकाकडून गैरवापर.
सही केली की हात झटकून
चारच्या गाडीनं घरी.

सहीआधी उगाच मशीनपुढे उभा राहिलो.
मी पाच फूट अकरा. बटणं आपसूक हाताखाली आली.
येणारच.
नकाशा काढला त्या दिवशी टेप सापडेना,
म्हणून मी माझेच हात पसरले होते.

मग गुडघे वाकवले, चार फूट अकरापर्यंत.
दोन्ही बटणं दाबली तर सांधा दिसेना.
सांधा बघायला गेलो
तर डावं बटण बोटांच्या पुढे, वीतभर.

फोरमन क्लाइव्ह मागून म्हणाला,
इथे खोकं होतं, ती त्यावर उभी राहायची.
ऑडिटवाल्यांनी काढायला लावलं.
कुणी अडखळून पडेल म्हणे.
हे सांगताना तो छताकडे बघत होता.

अडकवलेलं बटण ओळखणारा रिले आमच्याकडे होता.
किंमतपत्रकात, पान नऊ,
'हवा असल्यास', एकशे चाळीस पौंड.
बेरीज मीच मांडली होती,
रिलेसकट एक, रिलेविना एक.
दुसरी सगळ्यांना आवडली.
सोलापुरात आमचे कुलकर्णी मास्तर फळ्यावर खडू आपटून विचारायचे,
हातचे किती?
मी कधी चुकलो नव्हतो.
या बेरजेत हातचे दोन राहिले.
तर्जनी, आणि मधलं.

दुपारी नोरीन आली. लोकरीचा हातमोजा,
त्याची दोन बोटं आत दुमडून शिवलेली.
चिमटा मी लावला, म्हणाली, हे लिही.
मला कळत होतं काय करतेय ते, हेही लिही.
आणि क्लाइव्हला तासाला दोनशे टोपल्या हव्या असायच्या.
मला बुटकी म्हणायचे सगळे, ते नाही लिहिलंस तरी चालेल.
आणि तो चिमटा परत मिळेल का?
डझनातला आहे.

चिमटा प्लास्टिकच्या पिशवीत होता, नंबर घालून.
मिळणार नव्हता.

मी आधी समासात लिहिलं,
समास संपला तसा कागद उलटला.
पाठीमागे कोरं होतं. तिथे आधी माझं नाव घातलं,
मग कंपनीचं, मग पान नऊ, मग खोकं, दोनशे टोपल्या,
आणि चिमटा सगळ्यांत शेवटी,
तिच्या म्हणण्यावरून.

मग खिशातून टेप काढला
आणि सवयीनं बोलून गेलो,
जरा दुसरं टोक धरता का, डाव्या हातात?
जीभ चावली, पण उशीर झाला होता.

तिनं मोजा काढला. हात पसरला.
अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत
पत्र्याचं टोक घट्ट धरलं.
वाच, म्हणाली.

आकडा मी दोनदा वाचला.