चार्जर वेगळा

जुन्याचं वजन दोन किलो चारशे.
वर चार्जर, डबा, पाण्याची बाटली धरली
की उजव्या खांद्यावर रोज एक तान्हं मूल,
आणि ते कधी मोठं होऊन खाली उतरत नाही.

फिजिओथेरपीवाली म्हणाली, "दीड किलोच्या वर काही उचलायचं नाही."
मी म्हटलं, "माणसं?"
ती हसली नाही. हात आणखी जरा वर खेचला.

माझं काम असं, की लोक आठवून बोलतात
आणि मी टाइप करते.
सोमवारी सहकारनगर, बुधवारी वानवडी,
शुक्रवारी नवी पेठेत उकिडवे. तिसरा मजला, लिफ्ट नाही.
वेधशाळेत चौतीस वर्षं ढगांची उंची मोजली त्यांनी,
अजून एकाहत्तर सालापर्यंतच आलेत.
त्यांचं संपेपर्यंत यंत्र टिकायला हवं,
किंवा यंत्र संपेपर्यंत ते.
हे मी कुणाजवळ बोलत नाही.

ओजस बंगळुरूहून रोज एक नवा दाखवतो.
नऊशे नव्वद ग्रॅम, पापडासारखा, किंमत
माझ्या साडेसात म्हाताऱ्यांइतकी.
"हप्त्यावर घे ना आई. दुसऱ्याचं वापरलेलं कशाला?"
दुसऱ्याचं वापरलेलं!
अरे, अख्खं बी.कॉम. काढलं मी
अप्पा बळवंत चौकातल्या अर्ध्या किमतीच्या पुस्तकांवर.
कुणीतरी हिरव्या शाईने अधोरेखित केलेलं
तेवढंच वाचायचं, आणि पास.
कॉस्टिंगला त्या हिरव्या शाईने गंडवलं,
ते सोड.

तरी शनिवारी तपकीर गल्लीत शिरले
तेव्हा पर्सचा बंद मुठीत घट्ट होता.
निसार बागवान यांचं दुकान. रुंदी, दोन माणसं.
"ए ग्रेड दाखवू की बी?"
"फरक काय?"
"बीला ओरखडे आहेत. आतून दोन्ही सारखेच."
"मग ए कोण घेतं?"
"ज्यांच्याकडे पाहुणे येतात ते."

बी.
झाकणावरचा कंपनीचा नंबर खरवडलेला,
गोंदाचा चौकोन तेवढा उरलाय, बोटाला चिकटतो.
बॅटरी तीनशे बारा वेळा भरून रिकामी झालेली.
हमी सहा महिने.
"आणि सहा महिने एक दिवसानंतर?"
"ओळखतो मॅडम. पण पैसे घेतो."

वजन खोक्यावर छापलेलं असतं, त्यावर कोण विश्वास ठेवतो.
शेजारी तांब्याची तार किलोवर विकतात.
त्यांच्या काट्यावर, वेटोळी बाजूला सारून, ठेवला.
एक किलो एकशे वीस.
"आता चार्जर ठेवा."
निसारभाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
तीनशे दहा.
चार्जरचं वजन आपणहून कुणी सांगत नाही.
स्थळं सांगून येतात तेव्हासुद्धा.

एक चारशे तीस. बसतंय.

मग उघडला. 'ई' जवळजवळ पुसलेला.
स्पेसबार डावीकडे गुळगुळीत, आरसा व्हायला आलेला.
कुणाचा तरी डावा अंगठा.
हिंजवडीत असेल, रात्री अडीच वाजता,
दोन शब्दांमध्ये थोडी थोडी जागा सोडत.
त्याने नोकरी सोडली, की नोकरीने त्याला,
मी विचारलं नाही. निसारभाईंनाही ठाऊक नसणार.
त्यांनी पिवळ्या फडक्याने पुसून पुढे सरकवला.
घासाघीस करून आठशे उतरले,
वर एक बॅग फुकट, जी त्या लॅपटॉपहून जड.

शुक्रवारी दारातच उकिडवे म्हणाले,
"आज धाप नाही लागली तुम्हाला."
पंख्याखाली बसले. उघडला.
"बहात्तर," ते म्हणाले. "ढग होते."
आणि थांबले, बराच वेळ.

मीही थांबले,
उजवा अंगठा स्पेसबारवर ठेवून.
माझी बाजू अजून खरखरीत आहे.