दुसरी किल्ली

दुपारी दोनला मी झोपलेली असते.
रात्रपाळीच्या बाईची दुपार म्हणजे मध्यरात्र,
हे डंडीतल्या सीगलांना अजून पटलेलं नाही
आणि मिस्टर पेट्रींनाही.

त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे.
असायचीच. घर त्यांचं.
भाडं माझं, पडदे माझे,
खिडकीतलं वाळकं जिरेनियम तेवढं
कुणाचं ते करारात लिहिलेलं नाही.

आधी किटली.
बाजारातून आले तर कोमट होती.
मग कपाटाचं दार, जे मी कधीच पूर्ण लावत नाही,
ते लावलेलं.
मग टेबलावर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात:
बॉयलर पाहिला. ठीक आहे. खिडकीच्या बुरशीकडे लक्ष द्यावे.
आणि रेडिएटरवर वाळत घातलेले
माझे आतले कपडे
घड्या करून खुर्चीत.
घड्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.
तेच जास्त लागलं.

करार काढला. पान नऊ.
अठ्ठेचाळीस तास आधी, लेखी.
फोनवर ते हसले, तसे वाईट नाही हसत.
"इशबेल, तू जन्मायच्या आधीपासून
त्या घराचे नळ मी दुरुस्त करतोय.
काही चोरलं का मी तुझं?"

नाही.
पोलिसाला तरी काय सांगायचं,
की मोजून पाहिलं, सगळं जागेवर आहे,
तरी येऊन जा?
आता आंघोळीला जाताना
दाराच्या मुठीखाली खुर्ची लावते,
आणि बाहेरून आले की
आपल्याच घरात
खाकरून पाऊल टाकते.

*

रात्री मी वृद्धाश्रमात असते.
बावीस खोल्या, एकाही दाराला आतून कडी नाही.
दोन वाजता टॉर्च घेऊन फिरायचं:
छाती हलतेय का,
चादर ओली आहे का,
पाय पांघरुणाबाहेर आलाय का.
मूठ फिरवायची, आत जायचं, बाहेर यायचं.
अकरा वर्षं झाली.
काही चोरत नाही मी कुणाचं.

हे मनात आलं तेव्हा
अकरा नंबरच्या मुठीवर माझा हात होता.

अकरात एफी गूर्ली.
तागाच्या गिरणीत पंधराव्या वर्षी लागली,
चाळिशीपर्यंत मागांनी दोन्ही कान नेले.
ओठ वाचते. अंधारात तेही नाही.

मी हात काढला.
आणि दारावर टकटक केली.

कॉरिडॉरच्या टोकाला सेंगा खिदळली.
"बहिरीच्या दारावर?"

खरंच होतं तिचं.
मग मी तळहात सपाट ठेवला
आणि लाकडावर थापा मारल्या, तीन,
जमिनीतून जातील अशा.
बराच वेळ काही नाही.
एवढ्यात निम्म्या खोल्या झाल्या असत्या.
पुन्हा तीन.

आतून आवाज आला,
स्वतःचा आवाज कधीचा न ऐकलेल्या माणसाचा
असतो तसा, नको तितका मोठा:

"थांब."

थांबले.
टॉर्च विझवून भिंतीला टेकले.
आत काय चाललं होतं?
कवळी बसवत होती, केस सारखे करत होती,
कुणाचा फोटो उशीखाली सरकवत होती,
की नुसतीच पडून
मला ताटकळत ठेवायची मजा घेत होती,
माहीत नाही.
विचारलं नाही.
सकाळच्या वहीत फक्त लिहिलं:
खोली ११, जागी, ठीक.

"ये आता," ती म्हणाली, खूप वेळानं.
बिछान्यात बसली होती
पाहुणी येणार असल्यासारखी.

*

गुरुवारी, दुपारी दोन.
कुलपात किल्ली फिरली.
दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडलं;
साखळी बुधवारी घेतली, सात पौंड, स्क्रूसकट.
फटीतून मिस्टर पेट्रींचा अर्धा चष्मा,
ओला कोट.
"बॉयलर," ते म्हणाले.

मी जागी होते.
समोर चहा होता, फार गरम.

"थांबा," मी म्हणाले,
आवाज नको तितका मोठा निघाला,
आणि कपाच्या एका बाजूनं
हळूहळू फुंकर घालत राहिले.