व्यवसाय : मजुरी

बुधवारी दोन वाजता ओपीडीचं दार ओढून घेतो आम्ही.
निलोफर सिस्टर लसींचा डबा बाजूला सारते,
लॅपटॉपखाली गरोदर मातांचं जुनं रजिस्टर घालते,
नाहीतर सगळ्यांना माझी हनुवटी आणि पंखाच दिसतो.

तुर्भ्यातल्या आमच्या या दोन खोल्या.
मागे डोंगर, म्हणजे
चावून चावून उरलाय तेवढा.
दुपारी तिथे सुरुंग उडाला की
पडद्यावरचे बाकीचे चौकोन हलत नाहीत,
माझाच तेवढा हलतो.

मुरबाड, शहापूर, किन्हवली, दिघा;
कुणी जेवत असतं, कुणाच्या मागे बाळ रडतं,
आणि वरच्या ओळीत, मिरजेहून, टिळवे मॅडम.
छातीच्या डॉक्टर. मागे भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.
पहिले तीन महिने मला वाटायचं, नेट अडकलंय.

आज केस माझी होती.
वाचून दाखवली, पाठ केल्यासारखी:
दुर्गप्पा धोत्रे, वय बेचाळीस,
खोकला, दम, वजन घटतंय,
क्षयाचा कोर्स दोनदा पूर्ण,
थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह.
तिसऱ्यांदा सुरू करू का?
एवढंच विचारायचं होतं मला.

एक्स-रेचा फोटो मी खिडकीवर फिल्म धरून काढलेला,
त्यात गज आलेला आणि सिस्टरचा अंगठा.
"अंगठा निरोगी आहे," मॅडम म्हणाल्या,
"आता जरा वर चला. फुप्फुसाच्या वरच्या भागात.
काय दिसतं?"
ठिपके.
"कसे?"
सांडलेल्या रव्यासारखे.
"करतो काय हा माणूस?"

मी केसपेपर पाहिला.
व्यवसाय : मजुरी.
माझंच अक्षर.
दोन वर्षांत अकरा वेळा माझंच अक्षर,
मजुरी, मजुरी,
जशी काही मजुरी कुठे जाऊन करावी लागत नाही.

त्या गप्प राहिल्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
तेवढ्यात मागे धडाम् झालं,
काचा किणकिणल्या, माझा चौकोन हलला,
आणि मिरजेहून आवाज आला, "हे काय?"

"खदान," मी म्हटलं.
आणि माझं मलाच ऐकू आलं.

मग त्या सावकाश सांगत गेल्या, मी लिहीत गेले.
क्षय नाहीच असं धरू नका,
धुळीने भरलेल्या छातीत तो लवकर घर करतो;
थुंकी पुन्हा पाठवा, मशीनवर तपासा,
पण अंदाजाने तिसरा कोर्स नको.
विचारा, किती वर्षं. ड्रिल कोरडं चालवतात की पाणी मारून.
घरात आणखी कोण खोकतं.
"धुळीवर गोळी नाही," त्या म्हणाल्या.
"पण आजाराला नाव आहे. तुम्ही ते कागदावर लिहिलंत
तर त्याला कुणाकडे तरी काही मागता येईल."

शहापूरच्या पोराने म्यूट काढला.
"मॅडम, माझ्याकडे दोन आहेत बहुतेक.
मीपण मजुरीच लिहिलंय."
किन्हवलीवाल्या बाई जेवता जेवता थांबल्या.

मॅडमनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.
"मी एकाला चार कोर्स दिले होते.
तेव्हा विचारायला कुणी नव्हतं मला.
म्हणजे, होतं. मी विचारलं नाही."

गुरुवारी दुर्गप्पा आला, आशाताई कमलबरोबर,
दारापासून स्टुलापर्यंत दोनदा थांबून.
मी विचारलं, काम काय करता?
त्याला वाटलं, चेष्टा करतेय.
"दगड फोडतो की. तुमच्या मागं.
तेरा वर्साचा होतो, बापासंगं आलो."
बाप?
"खोकूनच गेला."
मशीन कुणाकुणाबरोबर चालवलीत?
तो बोटांवर नावं घ्यायला लागला,
एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताला आला,
मध्येच दम खायला थांबला.

रकाना बोटभर रुंद.
सिस्टरने माझ्या हातातून केसपेपर घेतला
आणि पाठकोरी बाजू वर केली.