शून्याचं तिकीट

आमच्या घरात मोजल्याशिवाय काही होत नाही.
निजानीज झाली की बाबा अंधारात माणसं मोजायचे,
पायांच्या अंगठ्यांना हात लावून.
आत्या भाताच्या मुठी मोजायची, मोठ्यानं,
आणि मध्येच कुणी हाक मारली
तर तांदूळ परत डब्यात, पुन्हा एकपासून.
काका एकदा लग्नात वाढायचं सोडून
पत्रावळी मोजत उभा राहिला.
लोक हसले. आम्ही नाही हसलो.

पणजोबा, धाकू तारी, खाडीवर तर चालवायचा.
त्या दिवशी बारा माणसं घेतली म्हणाला.
ओहोटीच्या तोंडाशी होडी पालथी झाली.
नऊ जगली, तीन वाळूत ओळीनं निजवली,
बारा भरली.
मग तिवरांत कुर्ल्या काढणाऱ्याला
तेरावं सापडलं,
चिखलात रुतलेलं, रडणारं, जिवंत.

"धाकूक मोजूक येना नाय."

एवढं एक वाक्य गावानं आमच्या नावावर केलं,
सातबाऱ्यासकट.
पुढं पूल झाला, तर काठावर कुजली.
वाक्य नाही कुजलं.

मी देवगड डेपोत कंडक्टर.
मशीन आकडा दाखवत असतानाही
दर थांब्याला डोकी मोजते, मागच्या सीटपासून.
ड्रायव्हर घाडी म्हणतो,
मॅडम, चित्रगुप्तसुद्धा अधनंमधनं रजा घेत असेल.

मागच्या मंगळवारी पुलाच्या अलीकडे
एक म्हातारी चढली, पिशवीत सुके बांगडे.
आधार कार्ड पुढे करता करता
माझ्या खिशावरची पाटी वाचली, अक्षर लावून:
ता. री.
"धाकूची गो तू?"
पणती, म्हटलं.
गाडी पुलावर आली. खाली भरती होती.
"माका आवशीन पदराखाली लपवलेल्यान," ती म्हणाली,
"दोन पैशे वाचवूक. तेका मी दिसलंयच नाय.
मरताना सांगल्यान माका. मी कोणाक सांगतलंय?"

बाबा गेले. आत्या गेली.
हे ऐकायला घरातली मी एकटी,
आणि मी ड्यूटीवर.
राग यायला हवा होता. हिशेबच आला आधी:
चार पिढ्या, दोन पैसे.

पंच्याहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट,
पण तिकीट काढावंच लागतं, शून्याचं.
काढलं.
रक्कम शून्य. प्रवासी एक.
तिनं ते घडी करून पदराच्या टोकाला बांधलं,
बाजाराच्या थांब्यावर सावकाश उतरली,
बांगड्यांचा वास गाडीत ठेवून.

घंटी दिली. मग मोजली माणसं.
एक कमी, बरोबर.

रात्री ठरवलं होतं, आज नाही.
पण उंबऱ्यापाशीच पाय थांबला,
हात अंधारात चाचपडत गेला अंगठ्यापर्यंत,
आणि झोपेतच, कूस न बदलता,
माझा मुलगा म्हणाला,
"तीन."